लाख लाइक्सचा फॉरवर्ड बघायला सिंगापूरला

सिंगापूरला जाऊन आलेला माणूस पहिल्यांदा तिथल्या स्वच्छ रस्त्यांबद्दल सांगतो. ते तुम्ही शेजाऱ्यांकडून ऐकलेलं असणार, म्हणून मी सोडून देतो. मी तिथं रस्ते बघायला गेलो नव्हतो. एक माणूस बघायला गेलो होतो, आणि तो खरा की खोटा, एवढंच मला ठरवायचं होतं.

कोल्हापुरात माझा फ्लेक्स आणि जर्सी छापण्याचा धंदा आहे. जर्सीवर हातानं नंबर रंगवण्यापासून सुरुवात केली, आज तीन मशिनं आहेत. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळे बोर्ड माझ्याकडे होतात. ज्याला स्वतःच्या गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही, त्याला मी वीस फुटी 'युवकांचे आशास्थान' करून चौकात उभा केलेला आहे. थोडक्यात, लोकप्रियता मी चौरस फुटावर विकतो. त्यामुळं आमच्या तालमीची पोरं मोबाइल नाचवत दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, जपानी फॉरवर्ड हाय, सिंगापुरात खेळतोय, बावीस वर्षांचा, पेजवर लाखाच्या वर लाइक्स हायत," तेव्हा मी एवढंच विचारलं, "छापून कुणी दिले?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेपेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि हंगामात पेठा एकमेकींकडे सवतीसारख्या बघतात. बाहेरचे खेळाडू आणतात, परदेशीसुद्धा. आमच्या तालमीत कुणाला आणायचं त्याची यादी पंधरा वर्षं मी करत होतो. मागच्या हंगामात एकाचा व्हिडिओ बघून त्याला विमानानं आणला. मैदानात उतरल्यावर त्याला चेंडू पायात थांबवता येईना. मागून कळलं, व्हिडिओ त्याच्या भावाचा होता. तो बघून टाळ्या सगळ्या पेठेनं वाजवल्या होत्या, पण फसला म्हणून नाव लागलं माझ्या एकट्याचं. आमच्याशी कायमची चुरस असलेल्या खालच्या पेठेनं माझ्या फोटोसकट अभिनंदनाचा बोर्ड लावला. तोही दुसऱ्याकडून छापून घेतला, हे जास्त झोंबलं.

तालमीचे अध्यक्ष आबा म्हणजे सत्तरीचे जुने गोलकीपर. ते कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या खेपेला तू स्वतः जा. माल हातात धरून बघ. पण रिकाम्या हातानं आलास तर यादी दुसरा कोणतरी करंल."

पेजवर पोरांनी निरोप टाकला होताच. उत्तर आलं होतं, 'जरूर या, सामना बघा, जेवायला या.' इतकं गोड उत्तर बघून माझा संशय दुप्पट झाला. खेळाडू असा बोलत नाही. असा विकणारा बोलतो.

चोआ चू कांग

माझा भाचा समीर तिथं आयटीत आहे, त्याची बायको पल्लवी नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. ती पुण्याची. चोआ चू कांगच्या एका सरकारी ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. ब्लॉकच्या खाली तळमजला मोकळाच सोडलेला, नुसते खांब. आमच्याकडे तेवढ्या जागेत चार गाळे आणि एक पतसंस्था निघाली असती. मी समीरला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "मामा, इथं लग्नं होतात, आणि मयतंही." म्हणजे कार्यालयाचं भाडं वाचलं. सरकार हुशार आहे.

पहिला अख्खा दिवस मी सोफ्यावर बसून ते पेज तपासलं. खेळाडूचं नाव रिकु. त्याला प्रसिद्ध करणारा व्हिडिओ मिनिटभराचा. दहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो उभा आहे. तिथले लोक कपडे लांब बांबूवर अडकवून खिडकीबाहेर वाळत घालतात. हा दोन्ही हातांनी जर्सी बांबूवर चढवतोय, आणि खाली एका पायानं चेंडू वर उडवतोय. चेंडूकडे बघत नाही. सात जर्सी, चार मोजे, एक टॉवेल, आणि चेंडू जमिनीला लागला नाही. शेवटी चिमटा तोंडातून काढून हसतो. बस.

"ह्याच्यात फुटबॉल कुठं हाय?" मी म्हणालो.

"फुटबॉल बघायचाच नाहीये, मामा," समीर म्हणाला. "लोकांना तो आवडतो."

"का आवडतो?"

"का म्हणजे? आवडतो."

मी लाइक करणाऱ्यांची नावं एकेक उघडून बघायला लागलो. खोटी माणसं असली तर मला लगेच कळतात. फोटो नसतो, किंवा फोटो सिनेमानटीचा असतो. पण इथं माणसं खरी निघाली, आणि तेच विचित्र होतं. नर्सा, शाळामास्तरणी, टॅक्सीवाले, नातवंडांना मांडीवर घेतलेल्या म्हाताऱ्या. दीडशे नावं बघितली तेव्हा कुठं फुटबॉलचा बूट घातलेला एक माणूस सापडला. ज्याच्यामागं सगळं गाव आहे पण त्याच्या धंद्यातलं कुणी नाही, अशा माणसाला मी उधारीवर साधा बोर्डसुद्धा देत नाही.

मग माझ्या कामाची सवय कामी आली. आमच्याकडे निवडणुकीला उभा राहणारा माणूस दहा वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन येतो. फोटो कुठं कापलाय ते बघितलं, की काय लपवायचंय ते कळतं. मी पेजवरचे फोटो तारखेप्रमाणं लावून बघितले. आधीच्या फोटोंत रिकु उड्या मारतोय, धावतोय. गेल्या तीन महिन्यांत तो नूडल्स खातोय, छत्री धरतोय, म्हातारीला पिशवी उचलू लागतोय. आणि एकाही फोटोत कंबरेच्या खाली काही नाही.

पल्लवी कामावरून आली तेव्हा मी तिला दाखवलं. "सूनबाई, तुमच्या हॉस्पिटलात खेळाडू येतात ना? हा कधी आलेला?"

ती पर्स ठेवता ठेवता थांबली. "मामा, चहा टाकू का तुम्हाला?"

"चहा झालाय माझा."

"मग पोहे करते," म्हणून ती आत गेली.

सातच्या सुमाराला पोहे! मी समीरकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. ह्या घरात मला काहीतरी सांगायचं नाही असं ठरलंय, हे माझ्या लक्षात आलं.

पूर्वेकडचं स्टेडियम

शनिवारी संध्याकाळी हंगामातला शेवटचा सामना होता. एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलो. डब्यात साठ माणसं आणि आवाज शून्य. आमच्याकडे मयताला जाणारी जीपसुद्धा ह्याच्यापेक्षा बोलकी असते.

स्टेडियम छोटं, नीटनेटकं, आणि निम्म्याहून जास्त रिकामं. लाखभर लाइक्स, आणि समोर मोजून पाच-सहाशे माणसं! आमच्या सामन्याला लोक भिंतीवर, झाडावर, शेजारच्या घरांच्या गच्चीवर बसतात, आणि चुकलेल्या खेळाडूच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. इथं गोल चुकला की लोक 'अय्यो' म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. चुकल्याबद्दल टाळ्या! मला राग आला. पोरगं सुधारणार कसं?

पंधरा मिनिटं झाली आणि भोंगा वाजला. मला वाटलं आग लागली. आग नव्हती, विजांचा इशारा होता. पाऊस अजून यायचाय, वीज लांब कुठंतरी, तरी सगळे खेळाडू निमूट आत गेले. तासभर सामना थांबला. कुणी शिवी दिली नाही, की पैसे परत मागितले नाहीत.

त्या तासात माझ्या शेजारच्या बाईंशी ओळख झाली. साठीच्या, चिनी, बारीक, हातात कागदी पंखा, पंख्यावर रिकुचा फोटो. माझी कोल्हापुरी टोपी बघून त्यांनीच विचारलं, "तुम्ही इंडियातून आलेले फुटबॉल अंकल?"

त्या आंटी लिम. पेज त्यांचंच. पूर्वी शाळेच्या कँटीनमध्ये नूडल्सचा स्टॉल चालवायच्या, आता रिटायर. रिकु त्यांच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत भाड्यानं राहतो. कपडे वाळत घालतानाचा व्हिडिओ त्यांनीच स्वयंपाकघरातून काढला होता, सिडनीच्या मुलीला पाठवायला.

"म्हणजे मला उत्तर तुम्ही दिलं? त्यानं नाही?"

"तो लाजतो लाह. मी नाही दिलं तर कोण देणार?" तिथली माणसं बोलताना शेवटी असं 'लाह' जोडतात, आपल्या 'की'सारखं. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "तुम्ही एजंट नाही ना? एजंट असाल तर जेवायला येऊ नका."

बाई माझ्याकडे संशयानं बघत होत्या! तीस वर्षांत मला असं समोरासमोर कुणी विचारलं नव्हतं. मला त्या आवडल्या, आणि म्हणून मी जास्त सावध झालो.

सामना परत सुरू झाला. रिकु मैदानात आला तो शेवटच्या वीस मिनिटांना.

"उशिरा का?" मी विचारलं.

"कोच त्याला जपतो," आंटी म्हणाल्या. त्यांना तसंच वाटत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

पोरगं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? दोन पास असे दिले की मी उठून उभा राहिलो. पण तिसऱ्यांदा मोकळा गोल समोर असताना त्यानं चेंडू दुसऱ्याला दिला. फॉरवर्ड मोकळा गोल सोडत नाही. भुकेला माणूस ताट सरकवत नाही. आणि वळताना प्रत्येक वेळी डाव्याच पायावर वळत होता. सामना संपल्यावर तो चारही बाजूंना वाकला, रिकाम्या खुर्च्यांनासुद्धा. आंटींनी फोटो काढला. कंबरेपर्यंतचा.

हौगांग

दुसऱ्या दिवशी दुपारी हौगांगच्या हॉकर सेंटरवर जेवण ठरलं. मोठं पत्र्याचं छप्पर, शेकडो टेबलं, कडेनं खाण्याचे स्टॉल. समीर मला सोडून फोनवर बोलायला बाहेर थांबला. गर्दी होती. एक टेबल रिकामं दिसलं, त्यावर कागदी रुमालांचं एक पाकीट. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी ते खिशात घातलं आणि बसलो.

पाच मिनिटांनी एक गृहस्थ दोन वाडगे घेऊन आला आणि नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हणालो, बसायचं तर बसा, टेबल काय माझ्या बापाचं नाही. तो म्हणाला, "माझा टिश्यू?" मला वाटलं चोरीचा आळ घेतोय. मी उठलो, आवाज चढवला, सगळं छप्पर माझ्याकडे बघायला लागलं. समीर धावत आला आणि त्याची माफी मागून मला बाजूला ओढलं.

"मामा, टिश्यू ठेवला म्हणजे जागा धरली. इथं तसंच असतं."

"पाच पैशाच्या कागदानं जागा धरतात?"

"तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत होता ना गारगोटीला जाताना?"

टाकत होतो खरा. फरक एवढाच, की आमच्याकडे रुमाल खिडकीतून टाकला तरी आत जाऊन भांडावं लागतं. इथं कागद एकटाच भांडतो.

आंटी रिकुला घेऊन आल्या. जवळून तो अगदीच पोरसवदा, ओठावर नुसती लव. वाकून नमस्कार केला. समीर आम्हाला दुसरं टेबल शोधून देऊन, "तुमचं चालू दे," म्हणून गेला. आंटी म्हणाल्या, "मी फिशबॉल नूडल्स आणते, तो स्टॉलवाला मला जास्त घालतो," आणि रांगेत उभ्या राहिल्या.

त्यांची पाठ वळल्याबरोबर रिकु पुढं सरकला. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, कोटेशन देण्यापुरतं.

"अंकल, सॉरी. तुम्ही लांबून आलात. मला माहीत नव्हतं, आंटीनं बोलावलं. माझा गुडघा चांगला नाही. मी तुमच्या टीमच्या उपयोगाचा नाही."

आता माझं गणित ऐका. तीस वर्षं मी घासाघीस केली आहे. मालाला नावं ठेवतो तो घेणारा. विकणारा स्वतःच्या मालाला नावं ठेवतो ते एकाच वेळी, जेव्हा त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक असतं आणि पहिल्याला गोडीत घालवायचं असतं. त्यात मध्यस्थ उठून गेल्याबरोबर बोलला. मला खालच्या पेठेचा वास आला.

"दुसऱ्या कुणी विचारलंय का?" मी विचारलं.

"नाही, नाही. गुडघा."

"राहायला स्वतंत्र खोली देतो. जेवायला रोज मासे."

"अंकल, गुडघा..."

"आठवड्याला एकच सामना. बाकी दिवस आराम. अजून काय पाहिजे? अरे, मीही बाजारात वाढलोय! खरा आकडा बोल की!" मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या टेबलावरचा चमचा खाली पडला.

तो दचकला नाही. त्यानं चमचा उचलून त्या लोकांना दिला, वाकला, परत बसला. आणि आंटी ट्रे घेऊन येताना दिसल्या तसा त्याचा चेहरा एकदम हसरा झाला.

"काय ठरलं?" आंटींनी विचारलं.

"अंकल फार चांगले आहेत," रिकु म्हणाला. "मी विचार करतो."

आंटींनी माझ्या वाडग्यात स्वतःचे दोन फिशबॉल घातले. "घेऊन जा त्याला. तिकडं माणसं खूप येतात ना बघायला? इथं चांगला खेळतो, पण कुणी येत नाही लाह. मोबाइलवर येतात नुसती."

फिशबॉल म्हणजे माशाचा गोळा, रबरासारखा, पण रस्सा झकास होता. तिखट मागून घेतलं. जेवताना दोघांचे चेहरे बघत होतो. एक म्हातारी पोराला विकतेय, आणि पोरगा तिच्यापासून काहीतरी लपवतोय, एवढं नक्की झालं. काय लपवतोय, ते ठरत नव्हतं.

नोव्हेना

त्या संध्याकाळी मी पल्लवीला सरळ विचारलं, "रिकुचा गुडघा खराब आहे काय?"

"मामा, कोण पेशंट आहे, कोण नाही, हे मी सांगू शकत नाही."

"मी घरचा माणूस! माझी पेठेत इज्जत पणाला लागलीय, आणि तू कायदा सांगतेस?"

"तुम्ही माझ्याकडे आलात तर तुमचंही मी कुणाला सांगणार नाही. मामींनासुद्धा नाही."

"मला काय झालंय?"

"काही नाही. उदाहरण दिलं." आणि ती हसली. मी चिडून खोलीत गेलो. समीरनं मागून आवाज दिला, "मामा, ती माझंसुद्धा ऐकत नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीचा डबा ओट्यावर राहिला. तो तिनं विसरला नव्हता, मीच पिशवीतून काढून ठेवला होता. डबा द्यायचं निमित्त करून नोव्हेनाला गेलो. स्टेशनातून वर आलं की हॉस्पिटलंच हॉस्पिटलं, आणि मॉलसुद्धा हॉस्पिटलासारखा. डबा काउंटरवर दिला आणि फिजिओथेरपीच्या मजल्याच्या जिन्यासमोर बाकावर बसलो.

दीड तास बसलो. मग रिकु आला. लिफ्टपुढं चाकाच्या खुर्चीवरचे दोघेतिघे थांबले होते, त्यांना वाट देऊन तो जिन्याकडे वळला. मला त्यानं बघितलं नव्हतं. जिना उतरायला लागला. एका हातानं कठडा धरून, आडवा होऊन, एक पायरी, दुसरा पाय तिथंच टेकवायचा, मग पुढची पायरी. तालमीत आयुष्य गेलं आहे माझं. पैलवानाचा गुडघा चढताना खोटं बोलतो, उतरताना बोलत नाही. चौदा पायऱ्या उतरायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी कालचं सगळं बोलणं परत ऐकलं. खोली देतो. मासे देतो. खरा आकडा बोल.

त्यानं मला बघितलं आणि तिथंच वाकला. मी त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

आतली गादी झिजली आहे, असं त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर घासून दाखवलं. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला होता. क्लबला माहीत होतं. शेवटचा सामना म्हणून कोचनं वीस मिनिटं दिली होती. आंटींना माहीत नव्हतं; फोटो कंबरेवरचेच काढा, चेहरा मोठा येतो, असं त्यानंच त्यांना सांगून ठेवलं होतं.

"का सांगितलं नाहीस?"

"आंटीला सांगितलं तर रडेल. रडली तर पेजवर लिहील." तो थोडा हसला. "बाबा पेज रोज बघतात. ते ट्रक चालवतात. जेवायला थांबले की बघतात, बाकीच्या ड्रायव्हरांना दाखवतात. मला त्यांना घरी जाऊन, समोर बसून सांगायचंय. अंकल, कुणाला सांगू नका, प्लीज. तुमच्या मित्रांनाही नाही. कुणी कमेंट लिहिली तर बाबा वाचतील. एक महिना."

तो म्हणाला ते बरोबर होतं. आमच्या पोरांना 'गुडघा' एवढा शब्द कळला असता तर दहा मिनिटांत पेजवर शंभर जणांनी हळहळ व्यक्त केली असती, आणि वर तालमीचं नाव टाकलं असतं.

पण मी काय म्हणालो असेन?

"पंधरा दिवस," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. कुणीही मुदत मागितली की मी निम्मी करतो, बायकोनं माहेरी जायला मागितली तरी. महिनाच का, हे मी विचारलं नाही. घासाघिशीत समोरच्याचं कारण विचारायचं नसतं. विचारलं की माणूस पाघळतो.

रिकुनं बोटं मोजली. "पंचवीस?"

"वीस."

त्यानं थोडा वेळ गुडघ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "ओके. वीस. थँक यू." दोन्ही हातांनी माझा हात धरला. सौदा झाला. मी झालेला सौदा मोडत नाही, एवढी एक गोष्ट खालची पेठसुद्धा माझ्याबद्दल मान्य करते.

परत चोआ चू कांग, मग घर

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. कट्ट्यावर सगळे जमले होते, फोन स्पीकरवर.

"काय रं, जमलं?"

"न्हाई."

"का? पोरगं खोटं निघालं?"

"न्हाई. खरं हाय."

"मग?"

समीर आणि पल्लवी टेबलाशी नाश्ता करत होते. दोघांचेही हात थांबले.

"भाव जमला न्हाई," मी म्हणालो. "मी ताणलं. तुटलं."

पलीकडे जे हसू फुटलं ते मला बाराव्या मजल्यावर ऐकू आलं. कुणीतरी ओरडलं, "दादा, भाजी घ्यायला गेलता काय?" दुसरा म्हणाला, "लाखभर लोकांना आवडला, ह्यास्नी कोथिंबीर फुकट पायजे हुती!" आबा हसले नाहीत. "ये गावाकडं," म्हणाले. "यादीचं बघू." त्यातला अर्थ मला कळला.

फोन ठेवल्यावर पल्लवीनं न विचारता माझ्यापुढं दुसरा चहा ठेवला. तिनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तिचा नियम मला तेव्हा थोडा समजला.

घरी आल्यावर यादी दुसऱ्याकडे गेली. मी रोज दुकान उघडायचो आणि पेज बघायचो. संशय एकदम जात नाही. पोरगं दुसऱ्या पेठेत येऊन खेळायला लागलं तर, असंही मनात येऊन गेलं. खिडकी, नूडल्स, छत्री, सगळं कंबरेवरचं.

बरोबर विसाव्या दिवशी पेजवर रिकुचा पूर्ण फोटो आला, गुडघ्याला पट्टा, पायात चप्पल. खाली चार ओळी. खेळ संपला, सगळ्यांचे आभार. पोरं मोबाइल घेऊन दुकानात धावत आली. मागून आबा आले, काठी टेकत.

"तुला ठावं हुतं?"

"हुतं."

"मग बोलला का न्हाईस? लोक काय काय बोलली तुला."

"वीस दिवसांचा सौदा झाला हुता."

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "यादी उद्यापासून तूच कर," म्हणाले आणि गेले. पोरांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. दुपारी डबासुद्धा चवीनं खाल्ला.

जेवण झाल्यावर आंटी लिमचा निरोप बघितला. लांबलचक होता, मी दुकानातल्या मुलीकडून वाचून घेतला. त्यांनी लिहिलं होतं, मला आता सगळं कळलं, तुम्ही गप्प राहिलात, तुम्ही चांगले, तुम्हाला एजंट म्हणाले त्याची माफी. रिकुचे उपचार क्लबकडून महिनाअखेरपर्यंत आहेत, त्याआधी डॉक्टर त्याला विमानानं जाऊ देत नाहीत. म्हणून काल त्यानं वडिलांना फोनवरच सांगितलं. ते महामार्गावर कुठंतरी ट्रक थांबवून जेवत होते. ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मी रिकुला म्हणाले, अजून दहा दिवस थांब, घरी जाऊन सांग. तो म्हणाला, नाही, अंकलनी वीस दिवस दिले होते, ते संपत आले.

मुलीनं विचारलं, "दादा, उत्तर काय लिहू?"

मी तिला थांब म्हणालो. एकविसाव्या दिवशी मी कुणाला काही सांगणार नव्हतो. महिना झाला असता, वर्ष झालं असतं, तरी सांगितलं नसतं. पण ते त्या पोराला कुणी सांगायचं?